नॅशनल बोर्डचा पोर्टफोलिओ: नक्की कुठून सुरुवात करू? (नववी, अल्जेब्रा १)

रेषा_आणि_बिंदू

नमस्कार मंडळी. मी मेरीलँडमध्ये पब्लिक हायस्कूलला गणित शिकवते, नववीच्या अल्जेब्रा १ चे तीन वर्ग आणि जॉमेट्रीचे दोन. इथे आठवं वर्ष चालू आहे, त्याआधी कराडजवळ मराठी माध्यमाच्या शाळेत सहा वर्षं होते. मागच्या वर्षी नॅशनल बोर्डचा (ही अमेरिकेतल्या शिक्षकांना ऐच्छिक सर्टिफिकेट देणारी संस्था) चार कंपोनंटपैकी पहिला, म्हणजे ती कॉम्प्युटरवरची परीक्षा दिली, ४५ बहुपर्यायी प्रश्न आणि ३ लेखी, डिसेंबरात निकाल आला तो चांगला आला. विषय आपला, परीक्षा द्यायची सवय लहानपणापासूनची, त्यामुळे त्याची धास्ती नव्हती. आता यंदा पोर्टफोलिओचे कंपोनंट २, ३ आणि ४ तिन्ही एकदम घेतलेत आणि गेले तीन आठवडे मी रोज रात्री मुलं झोपली की सूचनांची पीडीएफ उघडते, दहा पानं वाचते आणि बंद करते. मे महिन्यात सगळं अपलोड करायचंय आणि अजून एक ओळ लिहिलेली नाही.

आमच्याकडे राज्याच्या नव्या कायद्यात सर्टिफिकेट मिळालं की पगारात १०,००० डॉलरची वाढ आहे, मागे पडलेल्या शाळांच्या यादीत तुमची शाळा असेल तर आणखी ७,०००. त्यामुळे घरी सगळ्यांना वाटतं की हिने हे करायलाच पाहिजे, आणि पैसे लागतातच, नाही म्हणत नाही. पण मला दुसरीच गोष्ट खुपतेय. इतकी वर्षं शिकवते, पण माझ्या वर्गात बसून कोणी नीट सांगितलेलं नाही की तुझं हे बरोबर चाललंय आणि इथे मुलं निसटतायत. निरीक्षणाला येतात ते वीस मिनिटं बसतात, टिक करतात, जातात. हा पोर्टफोलिओ केला तर निदान मला तरी कळेल असं वाटतं.

माझ्या अडचणी सांगते. एक म्हणजे व्हिडिओ. कंपोनंट ३ ला १० ते १५ मिनिटांचे दोन लागतात, मध्ये कट न करता, तर अख्ख्या तासातली १५ मिनिटं निवडायची कशी? दुसरं, रिटन कॉमेंटरी, म्हणजे आपल्या शिकवण्याबद्दलचं लेखी विवेचन. मला इंग्रजी येतं पण असं स्वतःबद्दल पानंच्या पानं लिहायला जमत नाही, मी हे केलं मी ते केलं असं लिहिताना हात थांबतो, आपल्याकडे कोणी असं लिहीत नाही. तिसरं, पालकांची परवानगी. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त घरी स्पॅनिश बोलतात, काही अम्हारिक (इथिओपियाची भाषा), आणि व्हिडिओ म्हटलं की लोक घाबरतात, त्याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत.

आणि कोणाकडे पास झालेला पोर्टफोलिओ असेल तर बघायला मिळेल का? गणिताचाच पाहिजे असं नाही. एक नमुना समोर असला की मला सुचतं.

शार्लटची_बाई

ताई, पहिलं उत्तर शेवटच्या प्रश्नाचं. नाही मिळणार, आणि कोणी देतो म्हणालं तरी घेऊ नका. आपला पोर्टफोलिओ असा वाटणं बोर्डाच्या नियमात बसत नाही, त्यात देणाऱ्याचं सर्टिफिकेटही धोक्यात येतं आणि तुमचंही. शिवाय त्यात मुलांचं लिखाण असतं, ती परवानगी तेवढ्यापुरतीच घेतलेली असते. बघायचंच असेल तर बोर्डाची स्वतःची अ‍ॅटलास नावाची व्हिडिओ लायब्ररी आहे, तुमच्या काउंटीने किंवा जवळच्या युनिव्हर्सिटीने घेतली आहे का ते विचारा.

माझं सांगते. मी नॉर्थ कॅरोलिनात प्राथमिकला आहे, मूळची नागपूरची, २०१९ ला सर्टिफाय झाले. आमच्याकडे पगारावर १२ टक्के मिळतात म्हणून इथे करणाऱ्यांची संख्या खूप आहे, माझ्या इमारतीतच पाच जणी आहेत, त्यामुळे मला विचारायला माणसं होती. तुम्ही एकट्याच करताय असं दिसतं, तर आधी सोबत शोधा, तुमच्या युनियनकडे चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी महिन्यातून एक शनिवार गट बसतो.

आता "मी" बद्दल. हे मला फार जड गेलं होतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपण डीएड बीएडला पाठ टाचण लिहिलंय ना, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, गृहपाठ. त्यात शिक्षक काय करणार आणि विद्यार्थी काय करणार असे दोन रकाने असायचे आणि विद्यार्थ्यांच्या रकान्यात आपण काय लिहायचो? "विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात." "विद्यार्थी उत्तर देतात." माझ्या पहिल्या मसुद्यात सगळं तेच होतं, फक्त इंग्रजीत. माझ्या मेंटरने वाचून एकच विचारलं, कोणता विद्यार्थी? काय उत्तर दिलं त्याने? मग तुम्ही काय केलं, आणि तेच का केलं, दुसरं का नाही?

हे "का" म्हणजेच पोर्टफोलिओ. तुमचं कौतुक तुम्ही करावं असं तिथे कोणाला नको आहे. वाचणारा तुमच्या वर्गात नाहीये, त्याला शाळेचं नाव माहीत नाही, तुमचं नाव माहीत नाही, मुलांची नावंसुद्धा पूर्ण द्यायची नसतात. त्याच्यासमोर एक व्हिडिओ, काही कागद आणि तुमची कॉमेंटरी आहे, एवढ्यावर त्याला ठरवायचंय की या बाईंना आपली मुलं माहीत आहेत का आणि त्या विचार करून शिकवतात का. तिथे "आम्ही" लिहिलं तर त्याला कळणार कसं की निर्णय कोणाचा होता? सहशिक्षिकेचा की तुमचा? म्हणून "मी". ती बढाई नाही, ती माहिती आहे.

आणि तीन प्रकारचं लिहिणं वेगळं ओळखायला शिका. काय झालं ते वर्णन. ते का झालं, त्यातून मुलाच्या डोक्यात काय चाललंय असं दिसलं, ते विश्लेषण. आणि पुढच्या वेळी मी काय बदलेन, ते चिंतन. तुम्ही २०१० नंतर महाराष्ट्रात शिकवलंय म्हणजे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी केल्याच असतील, ती सवय उपयोगी आहे पण ती पहिल्या पायरीपर्यंतच नेते. मसुदा झाला की तीन रंगांची हायलायटर घ्या आणि ओळी रंगवा. माझं पहिलं सगळं पिवळं होतं, म्हणजे नुसतं वर्णन.

इंग्रजीची काळजी सोडा. व्याकरणाला आणि शैलीला मार्क नाहीत, पुरावा आहे का एवढंच बघतात.

कोल्हापूर_ते_सिअ‍ॅटल

व्हिडिओबद्दल मी लिहितो, मी मिडल स्कूल सायन्सला आहे, वॉशिंग्टन राज्यात.

चांगला तास निवडून त्या दिवशी कॅमेरा लावायचा असं करू नका. ऑक्टोबरपासून आठवड्यातून एकदा लावत जा, काहीही चालू असो. दोन कारणं. पहिलं, मुलं पहिले दोन तीन वेळा कॅमेऱ्याकडे बघतात, नंतर विसरतात. दुसरं, तुम्ही स्वतः विसरता, आणि ते जास्त महत्त्वाचं. मी नऊ वेळा रेकॉर्ड केलं आणि शेवटी जो दिला तो असा तास होता की त्या दिवशी मी प्रोजेक्टर बंद पडला म्हणून वैतागलो होतो पण मुलं एकमेकांशी घनतेवर जे बोलली ते वर्षभरात परत तसं बोलली नाहीत.

कॅमेरा मागून लावला तर मुलांच्या पाठी आणि तुमचं तोंड दिसतं, ते काही कामाचं नाही. बाजूने, पुढच्या कोपऱ्यातून लावा, मुलांचे चेहरे दिसले पाहिजेत. मुलं गटात असतील तर तुम्ही कॅमेरा घेऊन फिरणारा कोणी तरी बघा, मी एका पॅराएज्युकेटरला (वर्गातला मदतनीस) विनंती केली होती.

आवाज!! सगळ्यात जास्त लोक इथे मार खातात. वर्गातल्या हीटिंगचा घूंऽऽ आवाज आपल्याला ऐकू येत नाही कारण कानाला सवय असते, माइकला येतो. मागच्या बाकावरची मुलगी जे बोलली तेच तुमचा पुरावा असेल आणि तेच ऐकू आलं नाही तर गेलं सगळं. साधा वायरलेस माइक घ्या आणि टेबलाच्या मध्ये ठेवा, स्वतःच्या कॉलरला लावू नका, तुमचा आवाज तसाही पोचतो.

कट नाही, वर अक्षरं नाहीत, संगीत नाही. सलग १० ते १५ मिनिटं. १५ च्या वर गेलं तर पुढचं बघत नाहीत असं समजून चाला. आणि दोन व्हिडिओ एकाच धाटणीचे नकोत, घटक वेगळा पाहिजे आणि शिकवण्याची पद्धतही वेगळी दिसली पाहिजे. एकात सगळा वर्ग मिळून चर्चा आणि दुसऱ्यात छोटे गट, असं सहसा जमतं. तुमच्या सर्टिफिकेटच्या सूचना मात्र शब्दन्‌शब्द वाचा, विषयागणिक फरक आहे.

परवानगी: फॉर्म बोर्डाचाच वापरायचा, शाळेचा फोटोबिटोचा जो असतो तो चालत नाही. तो भरून आपल्याकडे ठेवायचा, अपलोड करायचा नसतो. पण नुसता फॉर्म दप्तरातून पाठवला तर परत येत नाही. मी पालकांना फोन केले, प्रत्येकी पाच मिनिटं, दुभाषा जिल्ह्याकडून मिळाला. लोकांचा प्रश्न एकच असतो, हा व्हिडिओ जाणार कुठे. त्याचं खरं उत्तर द्यायचं, की कुठे ऑनलाइन टाकणार नाही, माझं शिकवणं तपासायला आहे, तुमच्या मुलाचे मार्क त्यावर नाहीत, आणि नाही म्हणालात तरी वर्गात काही फरक पडणार नाही. माझ्याकडे दोघांनी नाही म्हटलं. त्या दोघांना कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला बसवलं, तास त्यांचा पण तोच झाला.

रेषा_आणि_बिंदू

तुम्हा दोघांचे किती आभार मानू. टाचणाच्या त्या दोन रकान्यांचं वाचलं आणि माझी जुनी पाठांची वहीच डोळ्यासमोर आली, "विद्यार्थी फळ्यावरील आकृतीचे निरीक्षण करतात".

काल रात्री धीर करून एक उतारा लिहिला. रेकॉर्डिंग नाहीये, गेल्या आठवड्यात झालेल्या तासाबद्दल सरावासाठी लिहिलाय, मूळ इंग्रजीत आहे पण इथे मराठीत सांगते.

"या तासाला आम्ही फरशांच्या आकृतीबंधावरून रेषीय फलन शिकलो. पहिल्या चित्रात ८ फरशा, दुसऱ्यात ११, तिसऱ्यात १४ होत्या. मुलांनी गटात काम केलं आणि नियम शोधला. सर्व मुलं सहभागी होती आणि त्यांना उपक्रम आवडला. काही मुलांना सुरुवातीला अडचण आली पण चर्चेनंतर संकल्पना स्पष्ट झाली. ही पद्धत प्रभावी ठरली."

लिहून झाल्यावर मला ठीक वाटलं होतं. सकाळी ताईंचं उत्तर परत वाचलं आणि लक्षात आलं की ह्यात एकही मूल नाहीये.

शार्लटची_बाई

बघा, तुम्हीच ओळखलं.

आता मला सांगा, "काही मुलांना अडचण आली" म्हणजे कोणाला, काय अडचण? "चर्चेनंतर स्पष्ट झाली" हे तुम्हाला कशावरून कळलं? मी चूक काढायला विचारत नाहीये हो, तुम्ही त्या खोलीत होता, तुम्हाला सगळं माहीत आहे, ते कागदावर आलेलं नाही एवढंच. इथे लिहा, कच्चं लिहा, मराठीतच लिहा. मी माझे सगळे मसुदे आधी मराठीत बोलून फोनवर रेकॉर्ड करायची आणि मग इंग्रजीत लिहायची, विचार आपल्या भाषेत लवकर सापडतो.

रेषा_आणि_बिंदू

बरं. आठवून लिहिते.

मी विचारलं दहाव्या चित्रात किती फरशा असतील. एम (मुलांची फक्त आद्याक्षरं देते) म्हणाली ३०. दर वेळी तीन वाढतात म्हणून दहा त्रिक तीस. तिचा गट हो म्हणाला, एम हुशार आहे म्हणून कोणी तिला सहसा खोडून काढत नाही. 'जे' हा मुलगा तिच्या समोर बसतो, तो फार बोलत नाही, इथे येऊन त्याला दीड वर्ष झालं. तो हळूच म्हणाला पण पहिल्यात आठ आहेत, तीन नाहीत. मी तिथे जवळच उभी होते आणि खरं तर मी सांगणारच होते, तोंडापर्यंत आलं होतं, पण मागच्या टेबलावर कोणी तरी हाक मारली म्हणून मी वळले आणि परत आले तेव्हा एम चित्रावर तळहात ठेवून बसली होती. पहिल्या चित्रातल्या डाव्या बाजूच्या पाच फरशा तिने हाताने झाकल्या होत्या, मग दुसऱ्या चित्रात त्याच पाच झाकल्या, मग तिसऱ्यात. आणि म्हणाली, "हे आधीपासून होते. हे कोणी वाढवले नाहीत." मग 'जे' ने वहीत ३० च्या पुढे + ५ लिहिलं.

मी तेव्हा विचारलं की मग शून्याव्या चित्रात काय असेल. दोघं एकदम म्हणाली पाच.

मला वाटलं सगळ्यांना कळलं. पण तास संपताना कागद घेतले, तेव्हा २६ पैकी ९ जणांनी नवीन आकृतीबंधासाठी पहिल्या चित्रातली संख्याच सुरुवात धरली, म्हणजे ह्या उदाहरणात कोणी ३n + ८ लिहावं तसं. दुसऱ्या दिवशी मी त्या नऊ जणांना एक तक्ता दिला, त्यात १ ते ४ ची ओळ भरलेली आणि ० ची ओळ रिकामी, आणि उलटं मागे यायला लावलं. त्यातल्या सहा जणांचं जमलं. तिघांचं नाही. त्यांच्याशी अजून काम चालू आहे.

शार्लटची_बाई

ताई, हाच तुमचा पोर्टफोलिओ आहे. मी खरंच हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले.

आता एकेक गोष्ट बघा काय काय आहे ह्यात. एम चं ३० हे चूक उत्तर का आलं ते तुम्हाला माहीत आहे, तिने वाढीचा दर पकडला आणि सुरुवात सोडली. 'जे' भाषेमुळे कमी बोलतो हे माहीत आहे, आणि तरी त्याच टेबलावर चित्र असल्यामुळे त्याला बोलता आलं, तर पुढच्या धड्यात असं चित्र किंवा वस्तू त्याच्या हातात देणं हा तुमचा निर्णय असू शकतो, तो का ते लिहा. तळहात झाकणं हे एम चं स्वतःचं साधन आहे, ते तुम्ही दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर आणलं का? नसेल आणलं तर चिंतनात हेच लिहायचं की मी आणायला हवं होतं. तुम्ही सांगणार होता आणि थांबलात, ते हाक आल्यामुळे झालं तरी त्यातून काय शिकलात ते प्रामाणिकपणे लिहा. आणि नऊ, सहा, तीन हे आकडे तर सोन्यासारखे आहेत. तिघांचं अजून जमलं नाही हे लपवायचं नाही. मुलं शिकली नाहीत म्हणून मार्क जात नाहीत, शिक्षकाला ते दिसलं नाही तर जातात.

फक्त एक. ही घटना रेकॉर्ड झालेली नाही म्हणून ती कंपोनंट ३ ला चालणार नाही, पण वहीची पानं आणि ते कागद असतील तर कंपोनंट २ साठी विचार करा, तिथे मुलांच्या कामावरून तुम्ही शिकवणं कसं बदललं हेच बघतात. सूचनेतल्या अटींत बसतंय का तपासून घ्या, आणि परवानगीचे फॉर्म आधी.

दोनदा_बसलेली

मी पहिल्या फेरीत पास झाले नव्हते, ते लिहायचं की नाही असा विचार करत होते, पण तुम्हाला उपयोग होईल म्हणून लिहिते. मी टेक्सासात आहे, हायस्कूल इंग्लिश.

मला एकूण १०६ आले होते. ११० लागतात. डिसेंबरात सकाळी सहाला निकाल बघितला, शाळेच्या पार्किंगमध्ये बसून होते, घंटा झाली तरी आत जाता येईना. स्टाफरूममध्ये कोणी तरी म्हणालं की बरं झालं, आता तो नाद सोड. ते मला अजून टोचतं.

मग शांतपणे आकडे मांडले. ताई तुम्ही गणिताच्या आहात, तुम्हाला लगेच कळेल. परीक्षेला ४० टक्के वजन, पोर्टफोलिओला ६०, त्यात कंपोनंट ३ ला एकट्याला ३० आणि २ व ४ ला १५-१५. रुब्रिकचे (तपासणीच्या निकषांचे) मार्क ०.७५ ते ४.२५ च्या मध्ये असतात. एकूण मार्क म्हणजे ही वजनं धरून आलेली सरासरी गुणिले ४०, म्हणून ११० ला ४० ने भागलं की २.७५ येतात, म्हणजे सरासरी "३ वजा" पडली तरी पास. सगळीकडे ४ मिळवायचे नसतात, ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर मी इतकी खचले नसते. दोन्ही भागांत सरासरी १.७५ च्या खाली मात्र जायचं नाही. आणि कंपोनंट ३ मध्ये अर्धा मार्क वाढला तर एकूणात ६ वाढतात, कंपोनंट ४ मध्ये तेवढाच वाढला तर ३ मार्कच. माझे दोन्हीकडे कमी होते, मी फक्त कंपोनंट ३ परत केलं. मार्क जास्त आले तर जास्तीचे धरतात, कमी आले तर जुने राहतात, त्यामुळे नुकसान नव्हतं, फक्त ४७५ डॉलर आणि वर नोंदणीचे ७५. दुसऱ्या वेळी ११२ झाले.

कुठे चुकलं होतं तर पहिल्या व्हिडिओत मीच बोलत होते. चर्चा म्हणून दिलेला व्हिडिओ आणि त्यात मुलांची वाक्यं चार. आपल्याकडे चांगले सर म्हणजे छान समजावून सांगणारे सर, मी तशाच सरांच्या हाताखाली शिकले आणि मला तेच चांगलं शिकवणं वाटायचं, ते वाईट नाहीच, पण इथे त्याचा पुरावा मुलाच्या तोंडून यावा लागतो.

कंपोनंट ४ ला लवकर हात घाला, सगळे ते शेवटी ठेवतात. त्यात वर्गाची माहिती तुम्ही कुठून कुठून गोळा केली ते दाखवायचं असतं, पालकांकडून, समुपदेशकाकडून, आधीच्या शिक्षकांकडून, आणि ती माहिती वापरून चाचण्या कशा बदलल्या, मुलांनी स्वतःचं मूल्यमापन कसं केलं. शिवाय तुम्ही स्वतः काय शिकलात आणि सहकाऱ्यांबरोबर मुलांच्या एखाद्या गरजेवर काय काम केलं. एप्रिलमध्ये बसून हे उभं करता येत नाही, पालकांशी झालेलं बोलणं त्या त्या दिवशी तारखेसह वहीत लिहून ठेवा. मी एक साधी दोनशे पानी घेतली होती.

झेडपी_गुरुजी_बीड

मॅडम, मी जिल्हा परिषद शाळेवर आहे, चौथीला. इकडे १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनी निवड श्रेणी, त्यासाठी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं, वर्गातला व्हिडिओ वगैरे कोणी बघत नाही. मी आपलं सगळं दोनदा वाचलं. ते तळहाताचं वाचून मी आज वजाबाकीच्या वेळी माझी मुलं हाताने काय करतात ते बघत बसलो. एक मुलगी हातच्याचा आकडा बोटाने दाबून धरते, सोडत नाही उत्तर येईपर्यंत. वर्षभर माझ्यासमोर बसते, आज दिसलं.

एक विचारू का, हे सर्टिफिकेट एकदा मिळालं की कायमचं असतं का?

कोल्हापूर_ते_सिअ‍ॅटल

गुरुजी, नाही, आता दर ५ वर्षांनी टिकवावं लागतं, पूर्वी १० वर्षं चालायचं. बोर्ड १९८७ चं आहे, सरकारी नाही, आणि सर्टिफिकेट ऐच्छिक आहे. शिकवायचं लायसन्स राज्य देतं ते वेगळं. हे करायला ते लायसन्स, पदवी आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमच्या त्या मुलीचं बोट दाबून धरणं लिहून ठेवा, खरंच.

रेषा_आणि_बिंदू

सगळ्यांना परत नमस्कार, सहा आठवड्यांनी लिहितेय. काय काय झालं ते सांगते.

फॉर्म २६ पैकी २३ आले. फोन केल्यामुळेच आले. एका मुलाच्या आईने फोनवर सांगितलं की तो घरी आल्यावर धाकट्या बहिणीला गणित शिकवतो, भिंतीवर कागद चिकटवून. हा मुलगा माझ्या वर्गात डोकं टेबलावर ठेवून असतो. महाराष्ट्रात होते तेव्हा पटनोंदणीला घरोघरी फिरायचो, तेव्हा ही अशी माहिती आपोआप मिळायची, कोणाच्या घरी काय चाललंय, कोण कुणाला सांभाळतं. इथे आल्यावर ते सुटलं होतं आणि सुटलंय हे मला कळलंच नव्हतं. आता त्या मुलाला गटात समजावणाऱ्याचं काम देते. डोकं वर असतं त्याचं, रोज नाही, पण असतं. हे सगळं कंपोनंट ४ च्या वहीत तारखेसह लिहिलंय.

व्हिडिओ चार झाले. पहिला बघताना घड्याळ लावून बसले. १२ मिनिटांच्या तुकड्यात ९ मिनिटं माझा आवाज. मुलगा प्रश्नाचं उत्तर द्यायला तोंड उघडतो आणि मी बोलते, हे तीनदा दिसलं, एकदा तर तो तोंड मिटून खाली बघतो ते पण दिसलं. ते बघणं अवघड गेलं. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न विचारला की मनात सात आकडे मोजते, मराठीत. चौथ्या व्हिडिओत माझा आवाज साडेचार मिनिटांवर आला आणि त्यात एक जागा अशी आहे की दोन मुली सरळ रेषेच्या चढावरून भांडतात आणि तिसरी उठून भिंतीवरचा आलेख दाखवायला जाते, मी फक्त बाजूला होते.

कॉमेंटरी तीन रंगांत रंगवली. पिवळं अजून जास्त आहे, पण हिरवं आणि निळं पण दिसायला लागलंय. "मी" लिहिताना हात थांबत नाही आता, कारण खरंच कोणी तरी तो निर्णय घेतला होता आणि ती मीच होते.

एक अडचण राहिली. त्या चौथ्या व्हिडिओत भिंतीकडे गेलेली मुलगी माइकपासून लांब गेली आणि तिचं शेवटचं वाक्य पुसट येतं. तेच वाक्य महत्त्वाचं आहे. तोच व्हिडिओ द्यावा का परत करावं?

कोल्हापूर_ते_सिअ‍ॅटल

हेडफोन लावून ऐका, आणि गणित न शिकवणाऱ्या, त्या मुलीला न ओळखणाऱ्या कोणाला तरी ऐकवा. त्यांना वाक्य कळलं तर द्या. तुम्हाला एकटीलाच कळत असेल तर ते तुम्हाला आठवतंय म्हणून कळतंय, मग जानेवारीत पुढच्या घटकाला दोन माइक ठेवून परत करा, वेळ आहे.

रेषा_आणि_बिंदू

नवऱ्याला ऐकवलं. "इट्स द सेम स्टेप" पर्यंत कळलं त्याला, पुढचं नाही. दुसरा माइक मागवलाय.